टायटस सॉल्टच्या मागावर: मोर्ले, ब्रॅडफर्ड, सॉल्टेअर

बुधवार, मोर्ले

लीड्सला भाचीकडे उतरलो तेव्हाच तिला सांगून टाकलं, की लंडन-एडिंबरा नंतर बघू, आधी मला टायटस सॉल्टचं गाव बघायचंय. ती म्हणाली, "मामा, सॉल्टेअर इथून ट्रेनने जवळच आहे. अर्ध्या दिवसात होईल." नुसतं गाव बघायचं तर होईलही. मला तो माणूस समजून घ्यायचा होता. लोकरीचा व्यापारी, मग गिरणीमालक, मग ब्रॅडफर्डचा महापौर, आणि महापौरपद संपल्यावर शहराबाहेर स्वतःचं अख्खं गाव उभारणारा. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. गिरणीमालकांबद्दल आमच्या घरात जे काही बोललं जाई ते चांगलं नसे. त्यामुळे एका गिरणीमालकाच्या अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा लाखभर माणसं उभी होती असं वाचलं, तेव्हापासून हे काय प्रकरण आहे ते बघायची इच्छा होती.

सुरुवात मोर्लेपासून केली, कारण २० सप्टेंबर १८०३ रोजी तो इथे जन्मला. लीड्सच्या नैर्ऋत्येला टेकडीवरचं हे गाव. चढाचे रस्ते, काळपट पिवळ्या दगडाची घरं आणि मधोमध घुमटाच्या मनोऱ्याचं टाऊन हॉल. ते टाऊन हॉल १८९५ चं, म्हणजे सॉल्टच्या पश्चात झालेलं. त्याच्या खुणा इथे फारशा नाहीत, तासाभरात फिरून झालं.

पण मोर्लेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे जुन्या बंडखोर चर्चवाल्यांचं गाव. सॉल्ट घराणं काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे राजाच्या अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरचं. अशा लोकांना इंग्लंडमध्ये नगरपालिकेतली पदं कायद्याने बंद होती, ती १८२८ साली खुली झाली. टायटस तेव्हा पंचविशीत होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी, सरकारदरबारातल्या जागा, सगळीकडे दारं लावलेली. मग हुशार मुलं जायची कुठे? धंद्यात. यॉर्कशरच्या गिरण्या आणि पेढ्या याच लोकांनी भरल्या होत्या. पुढे हा माणूस महापौराच्या खुर्चीत बसला, ती खुर्ची त्याच्या बापाच्या पिढीला मिळणं कठीण होतं.

बाप डॅनियल सॉल्ट आधी रंग-रसायनांचा व्यापारी. मग त्याने वेकफील्डजवळ क्रॉफ्टनला शेती करून पाहिली, ती फायद्याची ठरली नाही, आणि १८२२ च्या सुमारास सगळं कुटुंब ब्रॅडफर्डला येऊन लोकरीच्या व्यापारात पडलं. टायटस ब्रॅडफर्डच्याच एका गिरणीत लोकर निवडण्यापासून कातण्यापर्यंत सगळं हाताने शिकला, आणि १८२४ पासून बापाचा भागीदार झाला.

गुरुवार, ब्रॅडफर्ड

लीड्सहून ब्रॅडफर्ड ट्रेनने वीस मिनिटांवर. स्टेशनातून बाहेर आलं की शहराचा आकार लगेच कळतो. चारी बाजूंनी चढ आणि मध्ये खोलगट भाग. धूर कोंडून राहायला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

१८०१ साली इथे तेरा हजार माणसं होती. १८५१ साली लाखाच्या वर. पन्नास वर्षांत आठपट! गिरण्यांच्या दोनशेहून जास्त चिमण्या या खोलगट भागात धूर ओकत होत्या. गटारं ब्रॅडफर्ड बेक नावाच्या ओढ्यात सोडलेली, आणि त्याच पाण्यावर लोक दिवस काढत. इथला कालवा इतका सडलेला होता, की त्यातून निघणारा वायू पोरं काडी लावून पेटवत असत असं सांगतात. १८४० च्या दशकात सरकारने शहरांच्या आरोग्याची पाहणी केली तेव्हा जेम्स स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने, मी पाहिलेल्या शहरांत सर्वांत घाण शहर हेच, असा अभिप्राय लिहून ठेवला. गिरणी कामगारांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम तीस पंधराव्या वर्षापर्यंत पोचत. तो ओढा आता बहुतेक सगळा रस्त्यांखालून बंदिस्त वाहतो. सिटी हॉलसमोर उभं राहून भाचीला हे सांगितलं तेव्हा समोर कारंजी उडत होती आणि शाळेतली मुलं पाण्यात भिजत होती.

सिटी हॉल देखणं आहे. फ्लॉरेन्सच्या जुन्या राजवाड्याच्या धर्तीवरचा उंच मनोरा, आणि भिंतीवर इंग्लंडच्या राजाराण्यांच्या पुतळ्यांची रांग. इमारत १८७३ ची, लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांची. ही जोडी पुढे पावलोपावली भेटत राहते. सेंट जॉर्जेस हॉल त्यांचं, लोकरीचं एक्स्चेंज त्यांचं, सॉल्टेअर सगळं त्यांचं. एक्स्चेंजमध्ये आता पुस्तकांचं मोठं दुकान आहे. जिथे लोकरीचे सौदे व्हायचे त्या उंच कमानींखाली लोक कॉफी पीत पुस्तकं चाळतात. पलीकडे लिटल जर्मनी नावाचा भाग. जर्मन व्यापाऱ्यांनी बांधलेल्या कापडाच्या वखारींची ही वस्ती. पाच-सहा मजली वखारी, दारावर कोरीव दगड, गरुड आणि पानंफुलं, आणि आत एकेकाळी फक्त कापडाचे तागे.

आता महापौराची गोष्ट. एवढं शहर वाढलं तरी ब्रॅडफर्डला स्वतःची निवडून दिलेली नगरपालिका नव्हती, ती १८४७ साली मिळाली. पहिला महापौर रॉबर्ट मिलिगन, आणि १८४८ च्या नोव्हेंबरात दुसरा टायटस सॉल्ट. वय पंचेचाळीस, शहरातला सगळ्यांत मोठा मालक. त्याच वर्षी मे महिन्यात मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतले कामगार आणि पोलीस-लष्कर यांच्यात इथल्या रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या होत्या. यंत्रं आल्यामुळे हाताने लोकर विंचरणारे हजारो कारागीर उपाशी होते. हे कारागीर राहत्या खोलीतच काम करत. फण्या तापवायला कोळशाची शेगडी रात्रंदिवस पेटती, त्याच खोलीत पोरं झोपलेली, दार-खिडकी बंद. त्यात १८४९ साली कॉलरा आला आणि ब्रॅडफर्डमध्ये चारशेहून जास्त माणसं गेली. सॉल्ट तेव्हा महापौराच्या खुर्चीत होता.

त्याने काय केलं? धुराचा प्रश्न हातात घेतला. रॉडा नावाचं एक साधन निघालं होतं, भट्टीत बसवलं की धूर बराच जळून जायचा. सॉल्टने ते आपल्या गिरण्यांत बसवून दाखवलं आणि महापौर म्हणून शहरातल्या सगळ्या गिरण्यांना ते सक्तीचं करायचा प्रयत्न केला. सभागृहात बसलेले बहुतेक लोक कोण? गिरणीमालक नाहीतर त्यांच्याशी धंदा करणारे. कुणाला खर्च नको होता. नियम झाला नाही.

मला सॉल्टच्या आयुष्यातलं हेच वर्ष सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पर्यटक सॉल्टेअरला जातात आणि एका दयाळू शेठजीची गोष्ट ऐकून परततात. पण तो शेठजी आधी शहराचा पहिला नागरिक होता, शहर सुधारायला बसला होता, आणि स्वतःच्याच वर्गाने त्याला हलू दिलं नाही. वर्षभराने तो खुर्चीवरून उतरला आणि पुढच्याच वर्षी, १८५० साली, शहराबाहेर जमीन बघू लागला.

दुपारी एकल्सहिलच्या औद्योगिक संग्रहालयात गेलो. जुनी कताई गिरणीच आहे ती. कताई-विणाईची यंत्रं ओळीने लावलेली, तेलाचा वास अजून टिकून. आवारात कामगारांच्या घरांची एक ओळ मूळ जागेवरून उचलून आणून उभी केली आहे. पाठीला पाठ लावलेली घरं. मागची भिंत दुसऱ्याच्या घराची, त्यामुळे मागे खिडकी नाही की दार नाही, वारा आरपार जायला वाटच नाही. अशा घरात पाच मिनिटं उभं राहावं आणि मग सॉल्टेअरला जावं. तिथल्या मागच्या दाराची किंमत तेव्हाच कळते.

परतताना ज्या टॅक्सीत बसलो त्याचा चालक मीरपूरकडचा. त्याचे वडील साठच्या दशकात इथे आले आणि लोकरीच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. गोरे कामगार रात्रपाळी घेईनासे झाले होते, यंत्रं मात्र चोवीस तास चालवायची होती, म्हणून पाकिस्तान-भारतातून माणसं आली. माझ्या वडिलांच्या गिरणीबद्दल सांगितल्यावर त्याने गाडी बाजूला घेऊन आम्हाला एका साध्या खानावळीची वाट दाखवली. कढईतलं मटण आणि तव्यावरच्या गरम पोळ्या. काट्या-चमच्यांचा विषय नाही.

शुक्रवार, सॉल्टेअरची गिरणी

सॉल्टेअर स्टेशनवर उतरलं की गिरणी अंगावरच येते. दक्षिणेची भिंत ५४५ फूट लांब, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलइतकी. सहा मजले, इटालियन राजवाड्यासारखे दोन मनोरे, मधाच्या रंगाचा दगड. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला लीड्स-लिव्हरपूल कालवा, पलीकडे एअर नदी. नदीचं नाव आणि स्वतःचं आडनाव जोडून त्याने गावाचं नाव ठेवलं. माल आणायला-न्यायला कालवा आणि रेल्वे, लोकर धुवायला नदी, आणि पलीकडे शिप्लीचं माळरान. जागेची निवड व्यापाऱ्याची आहे, आणि तेही मला महत्त्वाचं वाटतं. हा निव्वळ धर्मादाय नव्हता. शहरात विखुरलेल्या त्याच्या गिरण्या एका छपराखाली आणणं धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं होतं.

एवढा पैसा आला कुठून? आलपाकातून. १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या एका गोदामात पेरू देशातून आलेल्या आलपाका लोकरीच्या तीनशेहून जास्त गाठी पडून होत्या. आलपाका म्हणजे उंटाच्या कुळातला अँडीज पर्वतातला लहान प्राणी. लोकर लांब, मऊ, चकचकीत, पण कातायला अवघड, म्हणून कुणी घेत नव्हतं. सॉल्ट मूठभर नमुना घेऊन घरी आला, स्वतः धुऊन, विंचरून, धाग्याची लांबी मोजत बसला. बापाने नको म्हटलं, मित्रांनी नको म्हटलं. त्याने सगळा साठा विकत घेतला. आलपाका कातणारा तो पहिला नव्हे, यॉर्कशरमध्येच त्याच्या आधी कुणी कुणी हात घातला होता. सॉल्टने उभा धागा सुती ठेवला आणि आडवा आलपाकाचा. त्यातून रेशमासारखी झळाळी असलेलं, हलकं, टिकाऊ आणि रेशमाहून पुष्कळ स्वस्त कापड निघालं. व्हिक्टोरिया राणीने विंडसरला पाळलेल्या दोन आलपाकांची लोकर १८४४ साली याच माणसाकडे विणायला पाठवली. मध्यमवर्गातल्या बायकांनी हे कापड डोक्यावर घेतलं.

आपल्याकडे जुन्या मुंबई-पुण्यात वकील आणि कारकून काळ्या आलपाकाचा कोट घालत. आमच्या आजोबांच्या एका फोटोतही तो आहे, उन्हाळ्यातही चालेल असा हलका आणि बाहीला किंचित चमक असलेला. गिरणीच्या तळमजल्यावर काचेच्या पेटीत आलपाकाच्या कापडाचे जुने तुकडे बघताना भाची म्हणाली, "मामा, हे हाताला कसं लागत असेल?" मी तिला फोटोतला कोट सांगितला. तो घरात राहिला नाही, नाहीतर हातच लावायला दिला असता.

गिरणी सुरू झाली २० सप्टेंबर १८५३ रोजी, सॉल्टच्या पन्नासाव्या वाढदिवशी. लोकर विंचरण्याच्या शेडमध्ये साडेतीन हजार माणसांची पंगत, त्यात बहुसंख्य त्याचेच कामगार. जेवण झाल्यावर सगळ्यांना ब्रॅडफर्डला नव्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये गाण्याच्या मैफलीला नेलं. गिरणीत बाराशे माग, दिवसाला तीस हजार यार्ड कापड. यंत्रांची इंजिनियरी विल्यम फेअरबर्नची. वळणारे मोठे दांडे त्याने जमिनीखाली घातले, म्हणजे डोक्यावर पट्टे फिरत नाहीत, कानठळ्या कमी बसतात आणि अपघातही कमी होतात. गिरणीत पट्ट्यात हात सापडलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे जमिनीकडे बघत मी बराच वेळ उभा होतो.

आणखी एक गोष्ट इथे कळली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला सॉल्ट गेला होता, आणि ते काचेचं प्रचंड मंडप, क्रिस्टल पॅलेस, विकत घेऊन गिरणीची शेड म्हणून उभारता येईल का, हे बघायला त्याने लॉकवुडला पाठवलं होतं. जमलं नाही. पण या माणसाचा विचार कुठल्या मापात चालायचा, ते यावरून समजावं.

गिरणी १९८६ च्या फेब्रुवारीत बंद पडली. पुढच्या वर्षी जॉनथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्याच माणसाने ती विकत घेतली आणि तळमजल्याच्या कताई खात्यात चित्रदालन केलं. चित्रं डेव्हिड हॉकनीची, तोही ब्रॅडफर्डचाच. लांबच लांब दालन, ओतीव लोखंडी खांबांच्या रांगा, तेल पिऊन काळ्या झालेल्या फरशा, जागोजागी भल्यामोठ्या कुंड्यांत ताज्या लिलीची फुलं. लिलीचा वास आणि खालच्या फरशीतून येणारा जुन्या तेलाचा वास, दोन्ही एकत्र. गिरणी पाडून मॉल होणं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इथे खांबसुद्धा जागचा हलवलेला नाही.

शनिवार, गल्ल्या

आजचा दिवस नुसता चालण्यात घालवला. गाव लहान आहे, एका नजरेत मावेल असं. सरळ काटकोनातल्या गल्ल्या, आणि त्यांना सॉल्टच्या घरातल्या माणसांची नावं. कॅरोलाइन ही बायको. अमेलिया, हेलन, एडा, फॅनी, एडवर्ड, हर्बर्ट, जॉर्ज ही मुलं, आणि एक गल्ली टायटसची. लॉकवुड आणि मॉसन यांनाही एकेक गल्ली आहे.

घरं १८५४ पासून बांधत गेले, शेवटी आठशेच्या वर झाली, आणि चार हजारांहून जास्त माणसं राहू लागली. साध्या कामगाराला खाली दोन खोल्या, वर दोन. मुकादमाला मोठं घर, पुढे थोडी बाग. ओळींच्या टोकाला आणि मधे उंच तीन मजली घरं. कोणत्या घरात कोणत्या हुद्द्याचा माणूस राहतो, ते दगडाच्या नक्षीवरूनही ओळखू यायचं. भाडं आठवड्याला अडीच शिलिंगच्या आतबाहेरपासून साडेसात शिलिंगपर्यंत. प्रत्येक घरात नळाचं पाणी, गॅसचा दिवा, आणि मागच्या परसात स्वतःचा संडास आणि कोळशाची कोठी. १८५० च्या दशकात कामगाराच्या घराला स्वतंत्र संडास! आमच्या चाळीत माझ्या लहानपणीदेखील मजल्यामागे मोजके होते आणि सकाळी डबा घेऊन रांग लागायची. एका गल्लीच्या मागच्या बोळात उभा राहून मी परसाची दारं बघत होतो, तर एक आजी कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आल्या आणि आम्हाला आत येऊन बघा म्हणाल्या. परस दोन पावलांचं. कोपऱ्यातली संडासाची जुनी खोली आता सायकली ठेवायला. वर खिडकीची चौकट अजून दगडी, कमानदार. आजींचं सासर चार पिढ्यांपासून याच गल्लीत आहे, आणि त्यांच्या सासूबाई गिरणीत सूत जोडायच्या.

व्हिक्टोरिया रोडवर सगळ्या सार्वजनिक इमारती. वृद्धांसाठी ४५ घरं, १८६८ मध्ये बांधलेली, मध्ये हिरवं अंगण. तिथे राहणाऱ्या एकट्या माणसाला आठवड्याला साडेसात शिलिंग आणि जोडप्याला दहा शिलिंग मिळत. देशात म्हातारपणाचं सरकारी पेन्शन आलं ते १९०९ साली. समोर दवाखाना. पुढे शाळा आणि तिच्यासमोर इन्स्टिट्यूट, आताचं व्हिक्टोरिया हॉल. वाचनालय, व्याख्यानाचं सभागृह, व्यायामशाळा, बिलियर्ड्सची खोली. शाळेपुढे दोन आणि इन्स्टिट्यूटपुढे दोन असे दगडी सिंह बसले आहेत, थॉमस मिल्न्सने घडवलेले. युद्ध, शांती, दक्षता आणि निर्धार अशी त्यांची नावं. हे लंडनच्या ट्रफाल्गर चौकासाठी घडवले होते, असं गावात अभिमानाने सांगतात.

आता दुसरी बाजू. गावात दारूचं दुकान नाही, गुत्ता नाही. कामगारांची संघटना मालकाला मान्य नाही. मुलं अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत, आणि मुलांच्या कामाला कायद्याने लगाम घालावा या मागणीला सॉल्टचा पाठिंबा नव्हता. कपडे धुवायला त्याने वाफेवर चालणारी यंत्रं असलेलं धुण्याचं घर बांधून दिलं, ओल्या कपड्यांनी घरं कोंदू नयेत म्हणून. बायका तिथे फारशा गेल्या नाहीत. स्वतःचं धुणं सगळ्या गावासमोर मांडायला कुणाला आवडेल? ते धुण्याचं घर आता उरलेलं नाही.

भाची चिडली. "म्हणजे नोकरी गेली की घरही गेलं. मामा, याला चांगुलपणा म्हणायचा?" तिचा मुद्दा खरा आहे. मी तिला एवढंच म्हटलं, की ब्रॅडफर्डच्या पाठीला पाठ लावलेल्या घरातून इथे आलेल्या बाईला विचारलं असतं तर तिने आधी आपली जगलेली पोरं दाखवली असती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि सॉल्टबद्दल लिहिताना एक लपवून दुसरी सांगू नये असं मला कळकळीने वाटतं. महापौर असताना त्याला सभागृहाचं मन वळवावं लागत होतं. इथे कुणाचंच वळवायचं नव्हतं. म्हणून काम झालं, आणि म्हणूनच गावकऱ्याला तोंड उघडायची जागा राहिली नाही.

रविवार, चर्च आणि बाग

गिरणीच्या दारासमोर चर्च, १८५९ चं. गोल व्हरांडा, कोरिंथियन खांब, वर घुमटाचा मनोरा. दगडात कोरलेलं अंगठीपेटीसारखं. आत दोन भलीमोठी झुंबरं. शिरतानाच सॉल्टचा संगमरवरी अर्धपुतळा आहे, १८५६ मध्ये कामगारांनी वर्गणी काढून दिलेला. खाली आलपाका आणि अंगोरा बकरी कोरलेली. चर्चमध्ये माहिती द्यायला बसलेले आजोबा म्हणाले, "इकडून बघा, बकरीचं नाक लोकांचे हात लागून गुळगुळीत झालंय." मीही हात लावला.

शेजारच्या दफनघरात सॉल्ट आहे. तो वारला २९ डिसेंबर १८७६ रोजी, लाइटक्लिफच्या क्रो नेस्ट या आपल्या घरी. १८५९ ते १८६१ तो ब्रॅडफर्डचा खासदारही होता, पण संसदेत त्याचा जीव रमला नाही आणि प्रकृतीमुळे राजीनामा देऊन परत आला. बोलणारा माणूसच नव्हता तो. १८६९ साली सरदारकी मिळाली. आयुष्यात पाच लाख पौंडांच्या आसपास दान केलं असं मानतात. अंत्ययात्रा ब्रॅडफर्डमधून सॉल्टेअरला आली, आणि लाखभर माणसं तेव्हाच रस्त्यावर उभी होती.

नदी ओलांडून बागेत गेलो. १८७१ ची ही बाग, चौदा एकर. आजही मैदानावर क्रिकेट चाललं होतं. वरच्या अंगाला सॉल्टचा उभा ब्राँझचा पुतळा आहे, १९०३ सालचा. बागेचं नाव आता रॉबर्ट्स पार्क, पुढच्या एका गिरणीमालकाने मुलाच्या आठवणीसाठी ती ब्रॅडफर्ड शहराला देऊन टाकली. संध्याकाळपर्यंत बेंचवर बसून मॅच पाहिली.

सोमवार, लिस्टर पार्क

आज पुन्हा ब्रॅडफर्ड. सॉल्टचा आणखी एक पुतळा १८७४ मध्ये, तो जिवंत असतानाच, टाऊन हॉलसमोर, म्हणजे आजच्या सिटी हॉलसमोर, बसवला होता. रहदारी वाढल्यावर १८९६ साली तो लिस्टर पार्कमध्ये हलवला. पांढऱ्या संगमरवरात बसलेला सॉल्ट, वर दगडी छत्री. याच बागेत सॅम्युअल लिस्टरचाही पुतळा आहे. त्याच्या मॅनिंगहॅम गिरणीची चिमणी जवळच दिसते. लिस्टरने १८९० च्या डिसेंबरात मजुरी कापली, पाच हजारांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि एप्रिलमध्ये हरून परतले. त्या पराभवातून ब्रॅडफर्डच्या कामगारांनी स्वतःचे उमेदवार उभे करायचं ठरवलं, आणि १८९३ च्या जानेवारीत स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना याच शहरात झाली.

तिकडे सॉल्टेअरचं काय झालं? मालक गेला, थोरल्या टायटसच्या नावाचा कर्तबगार मुलगा १८८७ मध्ये गेला, आणि १८९२ साली कंपनी डबघाईला आली. गिरणी, घरं, शाळा, सगळं नव्या मालकांच्या हाती. घरं पुढे १९३३ साली एका कंपनीला विकली गेली आणि मग हळूहळू राहणाऱ्यांच्या मालकीची झाली. २००१ साली युनेस्कोने गाव जागतिक वारशात घेतलं.

आणि ज्या नगरपालिकेने सॉल्टचा धुराचा नियम होऊ दिला नाही, ती मागे राहिली नाही. १८५४ च्या कायद्याने तिने खाजगी कंपनीकडून शहराचा पाणीपुरवठा ताब्यात घेतला. १८८९ मध्ये स्वतःचं वीजकेंद्र काढलं. १९०७ साली ग्रीन लेनच्या शाळेत स्वयंपाकघर सुरू करून गरीब मुलांना पालिकेच्या खर्चाने जेवण दिलं, आणि ते करणाऱ्यांत फ्रेड जोवेटसारखे गिरणीत वाढलेले नगरसेवक होते. सॉल्टचं गाव वीस वर्षांत उभं राहिलं, शहराला साठ वर्षं लागली. भाचीला मी हेच दाखवायला इथे आणलं होतं. बागेतल्या मोगल धर्तीच्या कारंज्यांपाशी बसून आम्ही दोघं त्यावर तासभर वाद घालत होतो.

कुणाला जायचं असेल तर: लीड्स आणि ब्रॅडफर्ड दोन्हीकडून सॉल्टेअरला थेट लोकल गाड्या आहेत. गिरणीतलं दालन आठवड्यातले काही दिवस बंद असतं आणि चर्च ठरावीक वेळीच उघडतं, ते आधी बघून घ्या. शनिवार-रविवार जोडून गेलात तर दोन्ही साधतं. आणि ब्रॅडफर्ड आधी बघा, सॉल्टेअर नंतर.